स्लो कुकरमध्ये कडधान्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या बऱ्याच घरांत आता स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आलाय. कुणाला मुलाने परदेशातून येताना आणून दिलेला, कुणी ऑनलाइन मागवलेला. कडधान्यांसाठी यासारखं दुसरं भांडं नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र राजम्याबद्दलची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय ते वापरू नये. म्हणून तोच प्रश्न सर्वात आधी.

राजमा रात्रभर भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकला तर चालतो का?

नाही, अजिबात नाही.

कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं एक नैसर्गिक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वात जास्त. नीट न शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. बहुतेकांना काही तासांत उतार पडतो, पण लहान मुलं आणि वयस्कर माणसं त्यात गळून जातात.

हे प्रथिन १०० अंशांना, म्हणजे खळखळून उकळणाऱ्या पाण्यात, नष्ट होतं. काही स्लो कुकरमध्ये मधल्या भागाचं तापमान ७५-८० अंशांच्या वर जातच नाही. एवढ्या उष्णतेने विष मरत नाही. उलट, ८० अंशांपर्यंत तापवलेला अर्धाकच्चा राजमा कच्च्या राजम्याच्या पाचपट विषारी होऊ शकतो, असं आढळलेलं आहे. आणि एवढ्या वेळात दाणा मऊ मात्र होतो, त्यामुळे चव घेऊन काही कळत नाही.

म्हणून पद्धत अशी. राजमा किमान ५ तास, शक्यतो रात्रभर भिजवा. ते पाणी ओतून टाका, दाणे धुवा. ताज्या भरपूर पाण्यात पातेल्यात घालून गॅसवर खळखळून ३० मिनिटं उकळा. वेळ मोजायची ती उकळी फुटल्यापासून, गॅस पेटवल्यापासून नव्हे. मग पाणी निथळून दाणे स्लो कुकरमध्ये. पूर्ण १०० अंशांना १० मिनिटं पुरतात, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खात्रीसाठी ३० मिनिटं सांगतं आणि मीही तेच सांगेन.

आमच्या घरी इतकी वर्षं राजमा होतोय, कुणाला कधी काही झालं नाही. आता ही भीती कुठून आली?

कारण तुमच्या घरी शिट्टीचा कुकर आहे. शिट्टी होते तेव्हा कुकरच्या आत साधारण १२० अंश तापमान असतं, आणि त्या उष्णतेपुढे हे प्रथिन टिकत नाही. आपण निवांत होतो ते शिट्टीच्या भरवशावर, आणि त्यात काही गैर नव्हतं. स्लो कुकरला शिट्टी नाही. तिने आपल्या नकळत केलेलं काम इथे आपल्याला पातेल्यात उकळून करावं लागतं, एवढाच फरक आहे. तो फरक कुणी सांगत नाही, कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतही तो बारीक अक्षरांत कुठेतरी असला तर असतो.

हा नियम फक्त लाल राजम्याला आहे का?

चित्रा राजमा, जम्मूचा बारीक राजमा, पांढरा राजमा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच कुळातली. पांढऱ्या राजम्यात लाल राजम्याच्या साधारण एक तृतीयांश विष असतं, तरी उकळायचं सगळ्यांना सारखंच. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो मुंबईतही बऱ्याच ठिकाणी दिसू लागलाय. चव अप्रतिम. पण अंगावर सुरेख रेघा आहेत म्हणून त्याला राजम्याहून वेगळा समजू नका.

डबल बीचं कारण वेगळं. तिच्यात सायनाइड तयार करू शकणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि झाकण न ठेवता उकळायचं.

छोले, चवळी, वाटाणे, हरभरे, कुळीथ यांना राजम्याएवढा धोका नाही. तरी मी यांनाही १० मिनिटं उकळूनच घेते. वरचा फेस काढून टाकता येतो, आणि कुठलं उकळायचं, कुठलं नाही ही उजळणी दर वेळी करावी लागत नाही. मूग आणि मसूर यांना मुळात स्लो कुकरच नको. गॅसवर अर्ध्या तासात होतात, इथे त्यांचा लगदा होतो.

मग शिट्टीचा कुकर काय वाईट आहे? वीस मिनिटांत काम होतं.

वाईट काहीच नाही. घाईच्या दिवशी मीही तोच लावते.

पण काळे वाटाणे घ्या. कुकरला लावले की चार शिट्ट्यांना आत टणक राहतात आणि सहाव्या शिट्टीला निम्मे फुटतात. सालं वेगळी, गर वेगळा, पाणी पिठूळ. मालवणी पद्धतीच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात दाणा अख्खा हवा. आंबोळीच्या तुकड्याने उचलताना तो घरंगळला पाहिजे आणि दाताखाली आला की लोण्यासारखा विरघळला पाहिजे. स्लो कुकरमध्ये पाणी उसळत नाही, दाणे एकमेकांवर आपटत नाहीत, त्यामुळे साल टिकते आणि आतला स्टार्च सावकाश, सगळीकडे सारखा शिजतो. झाकण काढलं की चकचकीत काळे दाणे आणि खाली चॉकलेटी, किंचित दाट पाणी. ते पाणी ओतून देऊ नका, सांबाऱ्याची अर्धी चव त्यात असते.

कुळथाचंही तसंच. कढणासाठी कुळथाचा सगळा अर्क पाण्यात उतरायला हवा आणि त्याला वेळ लागतो. जुन्या घरांत चुलीच्या वैलावर ते आपोआप व्हायचं. दोन बर्नरच्या शेगडीवर एक बर्नर तासन्‌तास अडवून ठेवणं परवडत नाही.

हे भांडं मुळात मटणासाठी असतं ना?

उलट आहे. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० साली या भांड्याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईचं लहानपण लिथुएनियात गेलं होतं. तिथल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी बीन्स, मांस आणि धान्य घातलेलं भांडं बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवत. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाचं जेवण रात्रभर तिथेच शिजे. आईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून त्याला हे सुचलं. त्याने त्याला नाव दिलं ‘नॅक्सन बीनरी’. नावातच बीन्स आहेत! पुढे रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं.

पाणी किती आणि वेळ किती?

पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं. यात वाफ बाहेर जात नाही, झाकणाला लागून परत आत पडते, त्यामुळे पातेल्यापेक्षा पाणी कमी लागतं. भांडं निम्म्यापेक्षा रिकामं नको आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलेलं नको. पाव किलो कोरडा राजमा शिजून अर्धा किलोच्या वर जातो, म्हणजे चौघांना भाताबरोबर भरपूर. साडेतीन लिटरच्या भांड्यात अर्धा किलो कोरडं कडधान्य आरामात बसतं.

वेळ दाण्याच्या वयावर आणि तुमच्या कुकरवर ठरते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे. भिजवून आणि उकळून घेतल्यावर ‘हाय’वर चवळी दीड ते दोन तास, राजमा अडीच ते चार, काबुली छोले तीन ते चार, काळे वाटाणे चार ते पाच. ‘लो’वर साधारण दुप्पट. आत घालायचं पाणी उकळतं घाला, नाहीतर पहिला तास भांडं तापण्यातच जातो. आणि सारखं झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढली.

शिजलं हे कसं ओळखायचं?

पळीत पाच-सहा दाणे घ्या आणि त्यांच्यावर फुंकर मारा. सालीला सुरकुती पडून ती सुटू लागली, की दाणा होत आला. मग एक एक करून सगळे चिमटीत दाबा. सगळेच बोटचेपे हवेत. एक दाणा दाबून बघणाऱ्याची फसगत होते, कारण मध्यभागचे आणि कडेचे दाणे सारखे शिजलेले नसतात.

सहा तास झाले तरी दाणे टणकच आहेत. काय बिघडलं?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो आणि पावसाळ्यात तर हमखास. कारणं चार असू शकतात.

पहिलं म्हणजे आंबट. आमसूल, चिंच, टोमॅटो, दही यांतलं काहीही आधी घातलं की सालीतलं आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, आणि दाणा मऊ व्हायचा थांबतो. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबाच्या जोरावर हे खपून जातं, इथे नाही. गुळाचंही तेच. त्यातली साखर आणि कॅल्शियम दोन्ही दाणा घट्ट ठेवतात. आपल्या उसळी-आमट्यांत आमसूल आणि गूळ जोडीने पडतात, त्यामुळे आपल्याकडे ही अडचण दुहेरी. दोन्ही शेवटी, दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच घाला.

दुसरं पाणी. मुंबई महापालिकेचं पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून. ते मुळात पावसाचं, क्षार कमी, कडधान्यांना उत्तम. पण तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल, तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्याला मऊ होऊ देत नाही. बादलीत पांढरा थर बसतो का, तेवढं बघा. बसत असेल तर भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या.

तिसरं, आणि मुंबईत सर्वात मोठं, साठवण. कडधान्य गरम आणि दमट हवेत महिनोन्‌महिने राहिलं की त्याच्या आत असे बदल होतात की मग ते कितीही शिजवा, मऊ होत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या स्वयंपाकघरात नेमकी हीच हवा असते. गावाहून मे महिन्यात आलेले पाच किलो वाटाणे गणपतीत शिजत नाहीत, त्याचं कारण हे. ऊन दाखवून, एरंडेल चोळून किडीपासून बचाव होतो. दमट हवेचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. जागा असेल तर फ्रिज उत्तम. नाहीतर लालबागला किंवा दादरला, जिथे माल भराभर खपतो अशा दुकानातून अर्धा-अर्धा किलोच आणा. फिकट पडलेले, साल तडकलेले दाणे घेऊ नका, आणि डब्यातल्या जुन्यावर नवे ओतू नका. मग नवे शिजतात, जुने टणक राहतात आणि उसळ दोन्हीकडून जाते.

चौथं कारण म्हणजे गणंग. प्रत्येक किलोत काही दाणे असे निघतात की त्यांची साल पाणीच आत घेत नाही. रात्रभर भिजवल्यावर हात फिरवून बघा. बाकीचे फुगलेले, हे खड्यासारखे लहान. वेचून टाका. शिजल्यावर ते फक्त दाताला सापडतात.

मीठ आधी घातलं तर दाणे कडक होतात का?

उलट मदत होते. भिजवण्याच्या पाण्यात लिटरला दोन लहान चमचे मीठ घाला. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, साल मऊ पडते आणि फुटत नाही. नंतर ते पाणी टाकून दाणे धुवायचे. शिजवतानाही थोडं मीठ असू द्या.

आणि खाण्याचा सोडा?

फारच जुनं कडधान्य असेल तर पाव किलोला चिमूटभर. त्याने नक्की मऊ पडतं. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्याचं पीठ होतं आणि बी-१ जीवनसत्त्वही जातं. ताज्या मालाला सोड्याची गरजच नसते.

उन्हाळ्यात रात्री भिजवलं की सकाळी पाण्याला फेस आणि वास येतो.

मे महिन्यातल्या रात्री तेवढ्या वेळात पाणी आंबायला लागतं. भांडं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये भिजायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून दहा-बारा तास धरा. हलका फेस असेल तर धुवून वापरता येतं, आंबूस वास आणि बुळबुळीतपणा असेल तर टाकून द्या.

ऑफिसला जाताना लावून गेलं तर चालतं का?

चालतं, पण मुंबईचा दिवस लांब असतो. सकाळी सातला घर सोडलेलं माणूस संध्याकाळी सात-साडेसातला परत येतं. बारा तास ‘लो’वर चवळीचा लगदा होईल, छोले आणि काळे वाटाणे निभावून नेतील. ठरावीक तासांनी ‘वॉर्म’वर जाणारा कुकर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मी उलटा क्रम सुचवेन. कडधान्य दिवसा फ्रिजमध्ये भिजत ठेवा, रात्री जेवणं आवरताना उकळून घ्या आणि झोपताना ‘लो’वर लावा. सकाळी डब्याला गरम उसळ तयार.

टायमर लावून ‘दुपारी दोनला सुरू हो’ असं करू नका. भिजलेलं किंवा उकळलेलं कडधान्य मुंबईच्या हवेत सहा-सात तास नुसतं पडून राहणं धोक्याचं. मध्येच वीज गेली होती आणि किती वेळ ते माहीत नाही, तर ते अन्न खाऊ नका.

आणखी एक. जुन्या चाळींतल्या, इमारतींतल्या वायरिंगवर एक्स्टेन्शन बोर्डला लावून घर सोडू नका. सरळ भिंतीतल्या प्लगला लावा आणि कुकरच्या आजूबाजूला टॉवेल, पिशव्या ठेवू नका.

मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा वालाचं बिरडं यात होतं का?

होतं, पण करू नका. मोड आले की दाणा निम्मा नरम झालेला असतो. डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, तर पळी फिरवली तरी मोडतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे आधीच अचूक युक्ती आहे. कढईत फोडणीवर डाळिंब्या घाला, वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ओता, गॅस बारीक करा. ताट गार राहतं, आतली वाफ त्याला लागून परत खाली ठिबकते, आणि बिरडं स्वतःच्याच ओलाव्यात पंधरा-वीस मिनिटांत शिजतं. कमी पडलं तर ताटातलं गरम झालेलं पाणी आत घालायचं. स्लो कुकरचं झाकण हेच काम करतं, पण डाळिंब्यांना तेवढे तास नकोत.

मोड आलेला राजमा मात्र कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये. मोड आल्याने त्यातलं विष जात नाही.

फोडणी आणि वाटण कधी घालायचं?

स्लो कुकरमध्ये कांदा परतला जात नाही, फक्त उकडतो. मसाल्याचा कच्चा वासही जात नाही. त्यामुळे फोडणी कढईतच हवी. कांदा-खोबऱ्याचं वाटण चांगलं काळपट भाजून, मालवणी मसाला तेलात परतून, शेवटच्या अर्ध्या तासात शिजलेल्या दाण्यांत घाला. पळीभर दाणे ठेचून रस्सा मिळून आणा. नारळाचं दूध अगदी शेवटी, नाहीतर फुटतं. छोल्यांना काळा रंग हवा असेल तर चहाची पुरचुंडी शिजतानाच टाका.

कडधान्यांनी पोट फुगतं. सावकाश शिजवल्याने फरक पडतो का?

थोडाफार. वात धरतो तो रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे. त्या आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. त्यांतला बराच भाग भिजवलेल्या आणि स्लो कुकरच्या आधी उकळलेल्या पाण्यात उतरतो, म्हणून ती दोन्ही पाणी टाकून द्या. हिंग, आलं, ओवा आपल्या फोडणीत असतातच. पूर्वी फारसं कडधान्य न खाणाऱ्याने छोट्या वाटीने सुरुवात करावी.

वीज किती जाते?

घरगुती स्लो कुकर बहुधा १५० ते ३०० वॅटचा असतो. २०० वॅटचा सहा तास चालला तर जास्तीत जास्त सव्वा युनिट. शिवाय मे महिन्यात स्वयंपाकघर तापत नाही, हे मला बिलापेक्षा मोलाचं वाटतं.

अमेरिकेहून आणलेला कुकर इथे चालेल का?

तिथली वीज १२० व्होल्टची, इथली २३० व्होल्टची. नुसती पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून सुरू केला तर कुकर जळेल. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो कुकरच्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा, तासन्‌तास चालणारा हवा. लॅमिंग्टन रोडला मिळतो. पण नव्याने घ्यायचाच असेल तर इथलाच घ्या.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर ‘स्लो कुक’चं बटण आहे. त्यावर राजमा?

त्यावरही आधी उकळूनच. त्या बटणावर दाब तयार होत नाही.

एकदम जास्त शिजवून ठेवलं तर किती दिवस टिकतं?

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने सहज. चिनी मातीचं गरम भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका, तडकेल. आतलं अन्न गार व्हायलाही फार वेळ लागतो. दाणे पसरट भांड्यांत काढा आणि तासाभरात फ्रिजमध्ये जाऊ द्या. फ्रीझरसाठी एका वेळच्या उसळीएवढे दाणे, त्यांच्याच पाण्यासकट, पिशव्यांत भरून पिशव्या आडव्या ठेवा. पाण्यात बुडालेले दाणे कोरडे पडत नाहीत, आणि कामावरून आल्यावर पिशवी गार पाण्याच्या भांड्यात सोडून कांदा चिरायला घेतला की फोडणी होईपर्यंत दाणे सुटे झालेले असतात.